तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत ६४ घरे भरायची आणि राजाचे कोठार रिकामे! त्या पटाला आणखी तीन घरे जोडली तर एकूण दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे दोनाचा ६७ वा घात वजा एक. या एकवीस अंकी संख्येचा इतिहास मला फार आवडतो.

फ्रान्समधले मर्सेन नावाचे धर्मगुरू गणितातही रमायचे. दोनाचा कितवा घात घेऊन एक वजा केला की मूळ संख्या मिळते, याची एक यादी त्यांनी १६४४ साली छापली. तिच्यात ६७ होता. सिद्धता मात्र दिली नव्हती. (परीक्षेत रीत न लिहिता नुसते उत्तर लिहिणारी मुले मला आठवली.) पुढे कळले की ६१ यादीत हवा होता, तो सुटला, आणि ६७ नको होता, तो बसला.

६७ नको होता हे दाखवले फ्रेंच गणिती लुका यांनी, १८७६ मध्ये. गंमत अशी, की ही संख्या संयुक्त आहे हे त्यांनी एकही अवयव न शोधता सिद्ध केले! ते कसे शक्य आहे? त्यांच्या कसोटीला पुढे लेहमर यांनी सोपे रूप दिले. उदाहरणार्थ ३१ घ्या, म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा: १४. पुन्हा तसेच: १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा: ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, तर मूळ. नाही आले, तर संयुक्त. संख्या फुटते एवढे कळते, कुठे फुटते ते कळत नाही.

ते कळायला आणखी २७ वर्षे गेली. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवून येतो, एवढा धागा हाताशी होता. पण १३५, २६९, ४०३ असे ओळीने मोजत गेलो तर लहान अवयव १४,४५,५८० व्या जागी येतो! कोलंबिया विद्यापीठातले फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गांच्या बाक्या वापरून शोधाची जागा आवळत आणली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

ते एक शब्दही बोलले नाहीत, फळ्यावर एकीकडे घात काढून एक वजा केला, दुसरीकडे गुणाकार केला, उत्तरे जुळली, जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असे एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवले आहे. किती वेळ लागला, असे बेल यांनी विचारल्यावर कोल म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार. बेल गोष्ट रंगवून सांगण्यासाठी प्रसिद्ध होते आणि हे त्यांनी छापले कोल गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी. तेव्हा मूक व्याख्यान मी थोडे मीठ लावूनच घेतो. रविवारांवर मात्र माझा विश्वास बसतो. कोल यांना शिकवणे होते, शिवाय सोसायटीचे चिटणीसपद ते १८९६ पासून सांभाळत होते.

आज संगणक हे अवयव क्षणात देतो. पण काही शे अंकी संख्या घेतली तर तोही अडतो, आणि इंटरनेटवरची आरएसए पद्धतीची कुलुपे याच अडचणीवर उभी आहेत.

गुणाकार मोठा आहे, पण नवाचा ताळा तरी पाहा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे पुन्हा १०, म्हणजे १. एके एक एक. आणि त्या एकवीस अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. जमला! अर्थात ताळा जमला म्हणून गुणाकार बरोबरच असतो असे नाही. उत्साही मंडळींनी एखाद्या रविवारी तो हाताने करून पाहावा.