जन्माने लागलेला डाग

निरपराध माणसास शिक्षा झाली म्हणजे न्यायाधीशाचे चुकले, असे आपण सहज म्हणतो. परंतु ही चूक पुष्कळदा न्यायालयात होतच नाही. संशय कोणावर घ्यावयाचा हे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणीच ती होऊन गेलेली असते. आपल्या देशात तर एके काळी हा संशय कायद्यानेच मुक्रर करून ठेवला होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील हिशेब. सरकारने एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, त्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय नेमलेली हद्द ओलांडता येत नसे. या जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करू नये, असेही कलम त्यात होते. म्हणजे आरोप नाही, पुरावा नाही आणि दाद मागावयास दारही नाही. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ नंतर सर्व ब्रिटिश मुलखात लागू करता येऊ लागला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत झाली. कुंपणाआत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरले. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला.

कायदा संपला; सवय मात्र संपली नाही. भटक्यांच्या पालांना प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. नाशिक-सोलापूरकडील माळ असो की पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीचा परिसर असो, गावाबाहेर उतरलेला माणूस गावास परकाच वाटतो. परक्यावर प्रथम बोट दाखविणे सर्वांत सोपे. या सोपेपणाची किंमत काय पडते, हे नाशिकजवळच्या एका खटल्याने दाखवून दिले.

जून २००३ मध्ये एका रात्री पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. या अमानुष कृत्याने सर्वत्र संताप उसळला. पुढे भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांस जन्मठेप दिली. तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशीच ठोठावली. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून निष्पन्न झाले.

अखेर प्रकरणाची फेरतपासणी होऊन ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लवकरच पोलिसांजवळील छायाचित्रांतून चार निराळ्याच इसमांस ओळखले होते. त्या चौघांचा माग पुढे काढलाच गेला नाही. न्यायालयाने प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेण्याचा आदेश दिला.

सोळा वर्षे तुरुंगात, त्यांतील बराच काळ फाशीच्या छायेत! ५ लाखांनी त्यातील कोणते वर्ष परत मिळते? शिवाय अन्याय केवळ या सहा जणांवरच झाला असे नाही. ज्या कुटुंबाची राखरांगोळी झाली, त्यालाही न्याय मिळाला नाही. कारण चुकीची माणसे गजांआड बसली होती तोवर खऱ्या गुन्हेगारांस कोणी शोधीत नव्हते.

फाशीचा आणखी एक विशेष आहे. इतर शिक्षा अपुरी का होईना, पण भरून देता येते. ही देता येत नाही. २००९ च्या निकालाची अंमलबजावणी झाली असती, तर २०१९ चा निकाल वाचून दाखवावयास कोणी उरले नसते. म्हणून संताप जितका मोठा, तितका पुरावा काटेकोर तपासावयास हवा. आणि आरोपी जितका दुर्बल, तितकी त्याच्या बचावाची तजवीज भक्कम हवी. १८७१ चा कायदा सरकारी दप्तरातून गेला आहे. तपास करणाऱ्यांच्या आणि आपणा सर्वांच्या मनातून तो गेला म्हणजेच तो खऱ्या अर्थाने रद्द झाला असे म्हणता येईल.