दिवसभर अंगमेहनत, तरी पोट का सुटतं? कष्टकऱ्यांनी वजन असं ठेवावं आटोक्यात

दिवा : पहाटे दिवा स्टेशनवरून निघणाऱ्या गर्दीत अंगमेहनतीची कामं करणारे मोठ्या संख्येने असतात. वसई मार्गावर भिवंडी रोडला उतरून गोदामात माल चढवणारे-उतरवणारे, पनवेल मार्गाने तळोजाच्या कारखान्यांत जाणारे, ठाण्याला गाडी बदलून वाशी मार्केटला जाणारे हमाल, बांधकामावरचे बिगारी, घरकामाला जाणाऱ्या बाया. शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्यांतल्या घराघरांतही असंच काम करणारं कुणी ना कुणी आहे.

"आम्हाला कसला व्यायाम? दिवसभर घामच गाळतो की!" असं यातले अनेकजण म्हणतात. पण चाळिशी आली की पोट पुढे येतं, जिना चढताना दम लागतो आणि तपासणीत बीपी किंवा शुगर निघते. ज्यांचं घर अंगमेहनतीवर चालतं, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. शरीर थकलं की रोजंदारी बुडते.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

हालचाल हृदयाला चांगली, हे जुनं शास्त्र आहे. १९५३ साली लंडनच्या बस कामगारांवरचा डॉ. जेरी मॉरिस यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता.

पण जड कामाचं गणित वेगळं आहे. २०१८ साली १७ अभ्यासांतल्या १ लाख ९० हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात जड शारीरिक काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्के जास्त दिसलं. गरिबी, तंबाखू यांचाही त्यात वाटा असू शकतो. तरीही "काम केलं म्हणजे व्यायाम झाला" हा समज यामुळे खोटा ठरतो.

कारण सोपं आहे. व्यायामात थोडा वेळ हृदय जोरात चालतं आणि मग शरीराला आराम मिळतो. कामावर तेच ओझं, तेच वाकणं आठ-दहा तास चालतं. ठरावीक स्नायू झिजतात, बाकीचे तसेच राहतात. रक्तदाब तासनतास चढलेला राहतो. आराम मात्र पुरेसा मिळत नाही.

वजन वाढतं कुठून?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार ६५ किलोच्या पुरुषाला मध्यम कामासाठी रोज सुमारे २७१० आणि जड कामासाठी ३४७० कॅलरी लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला अनुक्रमे २१३० आणि २७२०. म्हणजे काम जड वरून मध्यम झालं की पुरुषाची गरज साडेसातशे कॅलरींनी घटते. गोदामात ट्रॉली आली, बिगाऱ्याचा मिस्त्री झाला, पावसात साइट बंद पडली, तरी ताट तेवढंच राहतं. शेतीतही तेच. लावणीच्या दिवसांतला आहार वर्षभर चालू राहिला तर वजन वाढणारच.

दुसरं कारण डब्याबाहेरचं खाणं :

• चहा : घरचे आणि टपरीचे मिळून सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर ६० ग्रॅम साखर झाली, म्हणजे २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर शक्यतो रोज २५ ग्रॅमच्या, म्हणजे पाच चमच्यांच्या आत हवी.
• वडापाव : एकात साधारण ३०० कॅलरी, पण प्रथिनं थोडीच. म्हणून तासाभरात पुन्हा भूक लागते.
• दारू : एका क्वार्टरमध्ये ४०० च्या वर कॅलरी. सोबतचा तळलेला चखणा वेगळा.

डबा कसा असावा?

कामावर उपाशीपोटी जाऊ नये. रिकाम्या पोटी ओझं उचलताना चक्कर आली तर अपघात होतो. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी उपवास किंवा जेवण बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

भाकरी-चपाती बंद करायची नाही. सवयीपेक्षा एखादी कमी करून तिच्या जागी डाळ-उसळ वाढवावी. निरोगी माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. त्यासाठी महाग पावडरीची गरज नाही. कुळथाचं पिठलं, चवळी-मटकीची उसळ, अंडी, ताजी मासळी, दही हे पुरतं. सुका जवळा, बोंबीलही चालतात, पण त्यात मीठ फार असतं. ते नीट धुऊन घ्यावेत. बीपी असेल तर बेतानेच खावेत.

चार वाजता वडापावऐवजी मूठभर फुटाणे आणि एक केळं घ्यावं. पाणी तहान लागण्याआधीच प्यावं. उन्हात फार घाम गेला तर ओआरएस घ्यावं, कोल्ड्रिंक नको.

महिन्याला दीड ते दोन किलो वजन कमी झालं तरी भरपूर. त्याहून घाईने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि कामाची ताकद जाते.

व्यायाम किती, कोणता?

• ओझी उचलणाऱ्यांनी जिममध्ये आणखी वजनं उचलण्याची घाई करू नये. त्यांना भरभर चालणं आणि कंबर, मांड्या, पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम उपयोगी.
• उभ्याने काम करणारे वॉचमन किंवा दुकानातले कामगार यांनी खुर्चीवरून ऊठ-बस आणि भिंतीला हात टेकून दंड आठवड्यातून दोनदा काढावेत.
• स्टेशनवरून घरी जाताना जमेल तेव्हा शेअर रिक्षा सोडून चालत जावं. वीस-पंचवीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने.
• अंग फार दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

झोप हाही इलाज आहे. रात्री अकराला जेवण आणि पहाटे चारला उठणं रोजचं झालं की भूक वाढते आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. घरी यायला उशीर होत असेल तर संध्याकाळी कामावरच थोडं पोटभरीचं खावं, रात्री हलकं जेवून लवकर झोपावं.

काट्यापेक्षा टेप बरी

बेंबीच्या पातळीवर टेप लावून महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० पेक्षा जास्त असेल तर सावध व्हावं. तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावात आशाताईंकडे चौकशी करावी. दिव्याच्या लोकांना महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

काम करताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप लागली तर "गॅस झाला असेल" म्हणून थांबू नये. काम तिथंच सोडून १०८ ला फोन करावा. एक दिवसाची मजुरी पुन्हा मिळते.