आधी कागद

जुनी जपानी लष्करी पदकं जमवतो, त्यामुळे विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सनद आहे का? कारण जपानी युद्धपदकावर सहसा सैनिकाचं नाव नसतं. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणींतल्या शिपायांना मिळालेल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या पदकावर मात्र सैन्य आणि आरमाराचे झेंडे, मागे 'मेइजी ३७-३८'. बस्स.

शौर्यासाठीच्या 'सुवर्ण घार' सन्मानाचंही (१८९० ते १९४७) तेच. काळ्या लाखेच्या डबीवरची सोनेरी अक्षरं सन्मानाचं नाव सांगतात, माणसाचं नाही. ते फक्त सनदेवर. तिच्यावर मेइजी ३९ सोबत २५६६ दिसलं तर दचकू नका. जिम्मु सम्राटापासून, म्हणजे इ.स.पू. ६६० पासून मोजलेलं ते वर्ष, १९०६. आपल्या पत्रिकेत शक असतो ना, तसंच.

विक्रेते पदक, डबी, कागद वेगवेगळे विकतात. पैसे जास्त सुटतात. राग येतो, पण असो. माझ्याकडे एक सनद आहे, तिचं पदक नाही. तसलंच दुसरं सहज मिळेल. पण ते त्या नावाशेजारी ठेवायला अजून मन धजत नाही.