घाटवाटेवरील पिकअप आणि झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर

गोव्याच्या बाजारात सकाळी उतरणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते. ती आणणाऱ्या पिकअप गाड्यांना मुख्यतः दोन वाटा आहेत. खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत अनमोड घाटाने मोलेला उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८, म्हणजेच पूर्वीचा ४-अ, ही एक. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने सत्तरीतील केरीला येणारी ही दुसरी. या दोन्ही वाटांचा मोठा भाग खानापूर तालुक्यातून जातो. पावसाळ्यातील खड्डे, तांबडा चिखल, सततची वळणे आणि भरलेला हौदा यांचा मारा सर्वप्रथम ज्या भागावर होतो तो म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’. तो झिजला तरी गाडी बंद पडत नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच ते दुर्लक्ष घातक ठरते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर काय करतो?

गाडीचा भार शॉक अ‍ॅब्सॉर्बर पेलतो, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. भार पेलण्याचे काम पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे. खड्ड्यात दबलेला पाटा पुन्हा उसळतो आणि काही काळ वरखाली होत राहतो. ही उसळी आवरणे एवढेच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळकांड्यातील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि उसळीतील शक्ती उष्णतेत बदलून हवेत निघून जाते. परिणामी चाक रस्त्याला चिकटून राहते. जे चाक क्षणभर रस्ता सोडते, त्या क्षणी त्याचा ना ब्रेक उपयोगी, ना स्टिअरिंग. घाट उतरताना ओल्या वळणावर हा क्षण फार महाग पडू शकतो.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यामुळे खाली बसलेली गाडी नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालून वर येणार नाही. तो दोष भाराचा किंवा पाट्यांचा आहे.

झीज कशी ओळखावी?

नळकांड्यावर तेलाचा ओघळ व त्यावर बसलेली चिकट धूळ ही सर्वांत स्पष्ट खूण. टायर काही ठिकाणी खोलगट, काही ठिकाणी उंच असा झिजणे, ब्रेक दाबताच पुढचा भाग जोराने झुकणे, वळणावर गाडी अधिक कलणे, रबरी बुश फाटून ‘खडखड’ ऐकू येणे, याही खुणा महत्त्वाच्या आहेत. भाजी उतरवून परतणारी रिकामी पिकअप थोडी उडते, ते स्वाभाविक. तिचे पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात. परंतु मागील चाके वळणावर सरकू लागली तर तपासणी लांबवू नये.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा कारला ठीक असली तरी पाट्यांच्या पिकअपला ती फसवी ठरते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच उसळी काही अंशी थांबते. त्याऐवजी खडबडीत रस्त्यावरून आल्यावर एकाच आसावरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बरना जपून हात लावून पाहावा. एक कोमट आणि दुसरा थंडगार असेल, तर थंड असलेला काम करीत नाही असे समजावे.

घरी कोणते काम करावे, कोणते नाही

पाट्यांशेजारी स्वतंत्रपणे बसवलेले मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बर घरी बदलता येतात. मात्र ज्या गाड्यांत पुढच्या बाजूस शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि गुंडाळीची स्प्रिंग एकत्र असतात, त्यांना हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर प्राणघातक इजा होते. ते काम योग्य साधने असलेल्या गॅरेजचेच.

एकाच आसावरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच वेळी बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवल्यास दोन बाजूंचे वर्तन वेगळे होते. नवे आपल्या गाडीच्या मॉडेलसाठीचेच घ्यावेत.

कामाची पद्धत

आदल्या दिवशी बोल्टवरील चिखल व गंज तारेच्या ब्रशने काढून गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे. पावसाळी भागातील गाड्यांना हे अत्यावश्यक आहे. घाईने पाना लावल्यास बोल्ट तुटतो आणि अर्ध्या तासाचे काम दिवसावर जाते.

हौदा रिकामा करून गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात. पिकअपची उंची पुरेशी असल्यास चाके जमिनीवर ठेवूनच हात पोहोचतो. तोच सर्वांत सुरक्षित मार्ग. उचलणे भागच असेल तर मागील आसाखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, म्हणजे लोखंडी घोड्या लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. खानापूर परिसरात विटा सहज हाताशी असतात, पण गाडीखाली वीट लावणे जीवावर बेतू शकते: एका बिंदूवर दाब आला की वीट पूर्वसूचना न देता फुटते.

एका वेळी एकच बाजू खोलावी. खालचा व वरचा नट सोडून जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढावा आणि वॉशर, बुश यांचा क्रम पाहून ठेवावा. शेजारची ब्रेकची नळी किंवा भारानुसार ब्रेकचा दाब बदलणाऱ्या झडपेची दांडी ओढली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे साठवणुकीत आडवा राहिल्याने आत शिरलेली हवा निघते. गॅसचा असल्यास त्याचा पट्टा सोबतच्या सूचनेनुसारच सोडावा. चकाकत्या दांड्याला पक्कड लावू नये. त्यावर ओरखडा पडला की सील फाटते आणि तेल गळू लागते.

नट आधी हातानेच बसवावेत. बोल्ट आरपार जाणाऱ्या बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट आवळावेत. गाडी उचललेली असताना आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. आवळण्याचा जोर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यासाठी टॉर्क पाना वापरावा. जुने नट पुन्हा वापरू नयेत.

त्यानंतर

प्रथम रिकामी गाडी सावकाश चालवून आवाज ऐकावा, ब्रेक तपासावेत. शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा पाहावेत. तरीही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पाटे, त्यांचे बुश व चाकांची जुळणी तपासून घ्यावी.

जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर कापू नये वा तापवू नये. आतील दाबामुळे तो फुटू शकतो. त्यातून गळणारे तेल डब्यात जमा करून भंगार किंवा जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. ते ओहोळात सोडू नये. म्हादईचा उगम याच खानापूर तालुक्यात आहे आणि तेच पाणी पुढे मांडवी होऊन गोव्यात येते.