तार आणि अखबार

दरवर्षी आठवीच्या वर्गात लॉर्ड डलहौसी आला की मुलं पाठ केल्यासारखी सांगतात, "सर, रेल्वे, टपाल आणि तारायंत्र." यंदा एका मुलीने विचारलं, "सर, तारायंत्र आणलं ते आपल्यासाठी का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. म्हणून हा लेख.

भारतात तारेचा प्रयोग पहिल्यांदा केला तो इंजिनिअरने नव्हे, एका डॉक्टरने. विल्यम ओशॉनेसी हे आयर्लंडचे, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. 1839 साली त्यांनी बांबूंवरून मैलोन् मैल तार ताणून विजेने संदेश पाठवून दाखवला. सरकारने फारसं लक्ष दिलं नाही. पुढे डलहौसी आला आणि कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाईन टाकायला मंजुरी मिळाली. 1851 मध्ये ती सुरू झाली. जहाजं आल्याची खबर कंपनीला लवकर मिळावी, ही त्यामागची गरज होती.

ओशॉनेसींच्या हाताखाली शिबचंद्र नंदी नावाचे बंगाली गृहस्थ होते. ते टाकसाळीत काम करायचे. इंजिनिअरिंगची पदवी नाही, काम करत करत शिकले. डायमंड हार्बरच्या टोकावरून पहिला संदेश त्यांनीच पाठवला. पाठ्यपुस्तकात डलहौसीचं नाव असतं, नंदींचं नसतं.

नोव्हेंबर 1853 मध्ये मोठं काम सुरू झालं. 24 मार्च 1854 ला आग्र्याची तार कलकत्त्याला पोचली. आग्र्याहून दुसरी लाईन सेंधवा घाटातून आपल्या मुंबईकडे आली. 1855 पासून सामान्य माणसालाही पैसे भरून तार करता येऊ लागली. पण ताबा कंपनी सरकारचाच.

या ताब्याचा अर्थ दोन वर्षांनी दिल्लीत कळला. 10 मे 1857 ला मेरठला उठाव झाला आणि मेरठ-दिल्ली तार बंद पडली. दुसऱ्या दिवशी शिपाई दिल्लीत शिरले. काश्मिरी दरवाजाबाहेरच्या तार ऑफिसातल्या दोन तरुण सिग्नलरांनी पळण्याआधी अंबाल्याला खबर दिली. ती पुढे गेली आणि 12 मे च्या सकाळी लाहोरच्या अधिकाऱ्यांच्या हातात होती. 13 मे ला लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत हिंदी पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली. दिल्लीत काय घडलं ते कळून उठण्याची संधीच त्यांना मिळाली नाही.

त्याच दिल्लीत मौलवी मुहम्मद बाकर 'दिल्ली उर्दू अखबार' हे साप्ताहिक काढत. उर्दू साहित्य शिकलेल्यांना ते मुहम्मद हुसैन आझाद यांचे वालिद म्हणून माहीत असतील. 11 मे ला मौलवीसाहेब स्वतः रस्त्यावर उतरले, डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. पण तो अंक निघाला रविवारी, 17 मे ला. तोवर लाहोरच्या पलटणी निःशस्त्र होऊन चार दिवस झाले होते.

एकाच शहरातली, एकाच दिवसाची बातमी. एक तारेने गेली, एक कागदावर. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि मौलवीसाहेबांना ठार केलं. अखबारही संपला. काश्मिरी दरवाजाजवळ मात्र तार कर्मचाऱ्यांचं स्मारक आजही उभं आहे.

यात तारेचा दोष नाही. तिने पुढे कितीतरी घरांना बाळाच्या जन्माची खुशखबर दिली, मयतीची खबरही दिली. 2013 च्या जुलैमध्ये ती बंद झाली, तेव्हा जुन्या माणसांना हळहळ वाटली.

पण त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "बेटा, तारायंत्र आपल्या देशात आलं, आपल्या माणसांच्या मेहनतीने उभं राहिलं, पण आपल्यासाठी आणलं नव्हतं. वेगवान साधन आलं की आधी विचारायचं, त्याची किल्ली कोणाच्या हातात आहे?"

तिने माझ्या टेबलावरच्या मोबाईलकडे पाहिलं. काही बोलली नाही.