वासावरून रोग

श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत असेल तर मधुमेह हाताबाहेर गेल्याची शंका घ्यावी, हे डॉक्टर आजही शिकतात. रोग हुंगून ओळखण्याची ही रीत हिप्पोक्रेटिसच्या काळाइतकी जुनी आहे. उच्छ्वासात नेमके काय असते, हे मात्र फार उशिरा कळले. अठराव्या शतकात लाव्हाझिएने त्यातला कार्बन डायऑक्साइड ओळखला. 1971 मध्ये लायनस पॉलिंग यांना त्यात सुमारे अडीचशे घटक सापडले.

हेच काम करू पाहणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक नाका’चा, एक पूर्वज ही हुंगण्याची रीत. दुसरा स्वयंपाकघरातला आहे, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. 1960च्या दशकात जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी गॅसगळती ओळखणारा सेन्सर बनवला. तापलेल्या टिन ऑक्साइडला गॅस लागला की त्याचा विद्युतरोध घटतो, एवढेच त्याचे तंत्र. पण हा सेन्सर एकाच ठरावीक वायूला ओळखत नाही. अनेकांना कमीजास्त प्रतिसाद देतो. ही उणीवच कृष्णा परसौद आणि जॉर्ज डॉड यांनी कामाला लावली. 1982 मध्ये वॉरिक विद्यापीठात त्यांनी असे तीन सेन्सर एकत्र जोडले. तिघांच्या प्रतिसादांचा मेळ वासागणिक बदलतो, आणि त्यावरून वास ओळखता येतो. आपले नाकही असेच काम करते: वास टिपणाऱ्या ग्राहींचे प्रकार सुमारे चारशे, वास मात्र कितीतरी अधिक.

जंतूंनाही वास असतो. स्यूडोमोनास जिवाणू वाढवलेल्या बशीला द्राक्षांसारखा वास येतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ठाऊक असते. मग फुप्फुसातला संसर्ग फुंकरीवरून का ओळखू नये? जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, आणि लहान मुलांना तपासणीसाठी बेडका काढता येत नाही, ती तो गिळतात. त्यांच्यासाठी तरी हे यंत्र यायलाच हवे.

पण जेवण, तंबाखू, औषधे, खोलीतली हवा, दमटपणा हे सगळेच त्या मेळात मिसळते. एका रुग्णालयात शिकवलेले यंत्र दुसरीकडे चुकू शकते. 2021 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये अशा यंत्राने काही कोरोनाबाधितांना निरोगी ठरवले आणि त्याचा वापर थांबवावा लागला. आपल्या वस्त्यांत, आपल्या रुग्णांवर पारखल्याशिवाय त्यावर विसंबू नये. तोवर दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. ती तपासणी मोफत आहे.