दिलेली मुलगी

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत १३५५-५६ मधलं एक बल्गेरियन हस्तलिखित आहे. बायबलमधली चार शुभवर्तमानं आणि तब्बल ३६६ चित्रं. बल्गेरियाचा त्सार, म्हणजे राजा, इव्हान अलेक्झांडरने ते करवून घेतलं. सुरुवातीलाच एका पानावर राजाचा जावई कॉन्स्टंटिन आणि तीन मुली ओळीने उभ्या आहेत : केरा तमारा, केरात्सा, देसिस्लावा. नेटवर फोटो मिळतो, झूम करून बघा. राजाच्या हातात कोणते पत्ते होते ते एका पानावर दिसतं.

मधली केरात्सा तेव्हा जेमतेम सात वर्षांची. १३५५ मध्येच तिची सोयरीक बायझंटाइन सम्राटाच्या मुलाशी ठरली. नवरदेवही साधारण तेवढाच. आदल्याच वर्षी ऑटोमन तुर्कांनी गॅलिपोली घेतलं होतं. दोन ख्रिस्ती दरबारांनी एकत्र यावं, हा हिशोब.

हिशोब चुकला. १३७१ मध्ये चेर्नोमेनच्या लढाईत तुर्कांनी सर्बियन फौजेचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी इव्हान अलेक्झांडर गेला आणि त्याचा मुलगा इव्हान शिशमान गादीवर आला. काही वर्षांतच तो सुलतान मुरादचा मांडलिक झाला. १३७८ च्या सुमारास त्याने बहीण मुरादला दिली. ही बहीण म्हणजे चित्रातली थोरली, तमारा. तोवर ती विधवा झाली होती.

आता यातली मेख बघा. युरोपातल्या राजघराण्यांत मुलगी देण्याचा परतावा पुढच्या पिढीत मिळे : भाचा गादीवर बसला की मामाचं वजन वाढायचं. इथे तसं काही होणार नव्हतं. मुरादनंतर सुलतान झालेल्या बायझिदची आई राजकन्या नव्हे, जनान्यातली दासी होती. शिवाय रस्ता एकेरी. इस्लामी कायद्याने मुस्लिम पुरुष ख्रिस्ती बायको करू शकत होता, पण ऑटोमन मुलगी ख्रिस्ती राजाच्या घरी जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे शिशमानने बहीण दिली ती मुदतवाढ म्हणून. माझ्या मते त्यालाही हे पक्कं माहीत असणार.

मुदतवाढ मिळालीही, दहाएक वर्षं. १३८८ मध्ये शिशमानने मांडलिकी झुगारायला बघितलं, तेव्हा मेहुण्याच्याच वजिराने, अली पाशाने, त्याचे किल्ले घेतले. दुसऱ्या वर्षी मुराद कोसोव्होच्या रणांगणात मारला गेला. १३९३ मध्ये राजधानी तर्नोवो पडली. दोन वर्षांनी शिशमानही संपला.

बल्गेरियन चर्चच्या एका ग्रंथात, बोरिलच्या सिनोडिकमध्ये, तमाराचं स्मरण नोंदवलंय : आपल्या लोकांसाठी तिला मुरादला दिलं गेलं, तिथे जाऊनही तिने धर्म सोडला नाही. ‘दिलं’. मराठीतही मुलगी ‘देतात’, त्यामुळे त्या शब्दाशी आपण अडखळतही नाही. तिला काय वाटलं हे सांगणारी तिची स्वतःची एकही ओळ नाही.

तुर्कस्तानात बुर्सा इथे मुरादच्या कबरीजवळ तिची कबर दाखवतात. बल्गेरियात सांगतात की तिने मरताना एकच मागितलं : कबरीवर दगड घालू नका, माती उघडी ठेवा आणि तिच्यात जव पेरा.